हेल्पलाइनवर कॉलर मध्येच फोन का ठेवतात?

तुमचा प्रश्न : "आमच्या हेल्पलाइनवर बरेच कॉलर दोन-तीन मिनिटांतच फोन ठेवतात. 'नुसता उपदेश करतात' अशी तक्रारही येते. स्क्रिप्ट बदलावी की नवीन सॉफ्टवेअर घ्यावं?"

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. तुमचे समुपदेशक कॉलरला "आत्महत्येचा विचार मनात येतोय का?" असं सरळ विचारतात का? नसतील विचारत, तर बाकीच्या सुधारणा म्हणजे वरवरची रंगरंगोटी.

या एका प्रश्नावरून मी वरिष्ठांशी कायम भांडत आलेय. त्यांचं ठरलेलं म्हणणं : विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. नाही शिरत. मॅडलिन गूल्ड यांचा 2005 सालचा न्यू यॉर्कमधल्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास आहे. दोन हजारांहून जास्त मुलं होती. निम्म्यांना आत्महत्येबद्दल विचारलं, निम्म्यांना नाही. ज्यांना विचारलं त्यांचा त्रासही वाढला नाही आणि विचारही वाढले नाहीत. ब्रायन मिशारा आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 14 हेल्पलाइन्सचे कॉल ऐकून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. कॉलरला बरं वाटण्याशी आपुलकी, आदर आणि दोघांनी मिळून मार्ग शोधणं यांचा संबंध दिसला; आपल्याकडे प्रशिक्षणात ज्याचा उदो उदो होतो त्या नुसत्या 'सक्रिय श्रवणा'चा दिसला नाही. म्हणजे "हं... हं... समजतंय मला" यावर कॉल निभत नाही.

प्रशिक्षणात मी एक बनवलेला कॉल वापरते, तोच इथे देते. रात्रीचे पावणेबारा. तिशीतला माणूस, बोलणं अगदी हळू. "सहजच लावला फोन." समुपदेशक विचारते : नाव? वय? जिल्हा? शिक्षण? नंबर कुठून मिळाला? स्क्रीनवरचे रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून ती विचारते. दीड मिनिट यात गेलं. तुमचे निम्मे लवकर तुटणारे कॉल इथेच तुटत असणार. ही सगळी माहिती कॉलच्या शेवटी घ्या, नाही मिळाली तरी चालेल. सुरुवातीला दोनच गोष्टी लागतात : आत्ता बोलायला मोकळे आहात ना, आणि फोन कट झाला तर या नंबरवर परत करू का.

पुढे तो कापसाचं, सोसायटीच्या कर्जाचं, बहिणीच्या लग्नाचं सांगतो. चौथ्या मिनिटाला ती म्हणते, "असं खचून कसं चालेल दादा? लेकरांकडे बघा." तो म्हणतो, "हो ताई, बरोबर आहे तुमचं."

प्रशिक्षणाला आलेल्यांना इथे थांबवून विचारलं की बहुतेक जण म्हणतात, कॉलर शांत झाला. शांत नाही, बंद झाला. आपलं म्हणणं कुणी ऐकणार नाही हे कळल्यावर माणूस असाच होकार देतो, आणि नोंद होते 'कॉलर समाधानी'. त्यानंतर ती विचारते, "काही वेडंवाकडं मनात नाही ना?" या वाक्यात उत्तर आधीच भरवलेलं आहे. समोरचा "नाही" म्हणून तुमची सुटका करतो. त्याऐवजी : "इतकं सगळं अंगावर आल्यावर काही जणांच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या येतोय का?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. ही शांतता नवख्यांना सोसवत नाही, ते लगेच दुसरा प्रश्न टाकतात.

"हो" आलं तर : कशाने करायचं ठरवलंय, ती वस्तू आत्ता कुठे आहे, कधी, आधी प्रयत्न झालाय का, आज दारू घेतलीय का, घरात जागं कोण आहे. या कॉलमध्ये फवारणीचं औषध गोठ्यात आहे आणि भाऊ ओसरीवर झोपलाय. "टाकून द्या" म्हणून उपयोग नाही, त्यासाठी त्याला गोठ्यापर्यंत जावं लागेल. भावाला उठवायला सांगा, लाइनवर थांबा, भावाशी बोला. बाटली भावानेच घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची. कुलूप लावलं म्हणजे झालं असं समजू नका. श्रीलंकेत खेड्यांतल्या घरांना कीटकनाशकांसाठी कुलपाच्या पेट्या वाटून मोठी चाचणी झाली, 2017 मध्ये निकाल आला, आणि विषबाधा कमी झालेली दिसली नाही. (ती चाचणी वर्षानुवर्षं घरात पेटी ठेवण्याची होती, आजच्या रात्रीच्या बाटलीची नव्हे, हेही खरं.)

औषध घेतलंच असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावायचं नाही. बाटली बरोबर घेऊन दवाखाना. 108 ला दुसऱ्या समुपदेशकाने फोन लावायचा, पहिलीने लाइन सोडायची नाही. गावाबरोबर तालुका आणि खूण विचारा, एकाच नावाची गावं एका जिल्ह्यात चार निघतात.

कॉल पुढे द्यायचा झाला तर होल्डचं संगीत लावू नका. तिघं एकत्र लाइनवर या, कॉलरची हकीकत तुम्ही सांगा, त्याला पहिल्यापासून सांगायला लावू नका. फोन ठेवण्याआधी स्टॅनली-ब्राउन यांची सुरक्षा योजना त्याच्याच शब्दांत लिहून घ्या : धोक्याच्या खुणा, स्वतः करता येईल असं काही, मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, डॉक्टर किंवा हेल्पलाइन, आणि ती वस्तू दूर करणं. चोवीस तासांच्या आत परत फोन, शक्यतो त्याच समुपदेशकाचा. दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं ते आधीच ठरवा.

"पोलिसांना सांगाल का?" हे हटकून विचारलं जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चं कलम 115 समुपदेशकांना तोंडपाठ हवं : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षा करत नाही. पण खोटं वचन देऊ नका. "जीव धोक्यात दिसला तर मदत पाठवीन, आणि आधी तुम्हाला सांगेन" एवढं खरं आहे, तेवढंच सांगा.

सरासरी कॉलवेळेचं टार्गेट असेल तर ते आजच काढून टाका, तो मोबाइल कंपनीच्या कस्टमर केअरचा हिशोब आहे. त्याऐवजी मोजा : किती कॉलमध्ये तो प्रश्न विचारला, "हो" आल्यावर वस्तूबद्दल किती वेळा विचारलं, परतीचा फोन झाला का. ऑडिटला तीन मिनिटांखालचे कॉल मुद्दाम काढा, ते कुणीच ऐकत नाही. सॉफ्टवेअर घेतलंत तर सक्तीचे रकाने बंद करता येतात का, परतीच्या फोनची आठवण येते का, वरिष्ठाला मध्येच ऐकता येतं का, एवढंच बघा.

अर्थात तुटलेला प्रत्येक कॉल समुपदेशकाच्या माथी मारू नका. खोलीत कुणी आलं म्हणून, बॅलन्स संपला म्हणून, नुसतं कुणी उचलतंय का बघायला म्हणूनही लोक ठेवतात. आणि हे वाचणारं कुणी स्वतःच या अवस्थेत असेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, मराठीत बोलता येतं.

आता वरिष्ठांबद्दल. विचार डोक्यात शिरण्याची भीती हे निमित्त आहे असं माझं मत आहे. खरी भीती ही की रात्री एक वाजता "हो" आलं तर निस्तरायचं कुणी? ही भीती मात्र रास्त आहे. म्हणून आधी रात्रभर फोन उचलणारा मानसोपचारतज्ज्ञ ठरवा, तो नसेल तेव्हाचा दुसरा ठरवा, दोघांचे नंबर डेस्कवर चिकटवा, आणि हा प्रश्न स्क्रिप्टमध्ये त्यानंतर घाला.