पातं लांब, वळण आखूड

प्रश्न : मी ट्रेलर चालवतो. पहिल्यांदाच पवनचक्कीचं पातं घेऊन पुण्याकडून सोलापूरमार्गे तुळजापूरला जायचंय. परवाना हातात आहे, मोबाइलवर नकाशा आहे. आणखी काय बघू?
– एक चालक, मोहोळ

उत्तर : भाऊ, त्या नकाशाला तुमचं पातं दिसत नाही. परवान्यावर लिहिलेला रस्ता तोच तुमचा रस्ता. शॉर्टकट घेतलात तर परवान्याचा उपयोग नाही.

पुणे-सोलापूर महामार्ग ६५ वर फारसं अडत नाही, खरी गोम सोलापूरला तुळजापूरच्या महामार्ग ५२ कडे वळताना. पात्याचं शेपूट मागच्या चाकांच्या बरंच बाहेर असतं. तोंड डावीकडे वळलं की शेपूट उजवीकडे झाडू मारतं. पाटी, दिव्याचा खांब, चहाची टपरी, काही सोडत नाही. म्हणून आदल्या दिवशी पायलट गाडीतून, म्हणजे ट्रेलरपुढे वाट दाखवत चालणाऱ्या गाडीतून, वळणं स्वतः बघून या. मागे वॉकीटॉकीवाला माणूस हवाच, आणि तो झोपाळू नको! पुलाखालची उंची टेपनं मोजा. डांबराचा नवा थर पडतो, पाटीवरचा आकडा मात्र जुनाच राहतो. लोंबती वीजतार दिसली तर बांबूनं उचलू नका, महावितरणला कळवा.

उसाच्या हंगामात अंधारात ट्रॅक्टरमागच्या बिनरिफ्लेक्टरच्या जोडट्रॉल्या भेटतात. मला घाटापेक्षा त्यांचीच धास्ती. आणि कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला लाखो भाविक चालत जातात, जड वाहतूक वळवतात. तेव्हा तारीख पोलिसांना विचारूनच ठरवा.