आधी घट्ट वरण, मग भात

आहारविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेली अनेक पत्रे वजन घटवण्याची, म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या वाचकांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी असली, तरी बहुतेकांचे मूळ दुखणे एकच आहे: पोटात मावते थोडेसेच, आणि त्या थोडक्यात पुरेशी प्रथिने जात नाहीत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे असून चार महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन १०४ किलोवरून ८१ वर आले आहे. मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे, दुपारी अर्धी वाटी वरण, थोडा भात आणि अर्धी पोळी, संध्याकाळी चहा आणि खाकरा, रात्री लहान वाटीभर मुगाची खिचडी आणि झोपताना कपभर दूध एवढेच मला जाते. गेल्या महिन्यापासून केस मुठीने गळत आहेत आणि जिना चढताना पाय भरून येतात. रोज डाळ आणि दूध घेऊनही असे का होते? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : ताई, तुम्ही दिवसभराचे खाणे इतके नेमके लिहून पाठवलेत, त्याबद्दल आभार, त्यामुळे हिशेब मांडणे सोपे झाले. तुमच्या यादीतली सगळी प्रथिने एकत्र केली, तर ती जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास भरतात. स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. ज्यांना अधिक लागतात, त्यांच्यासाठी हे प्रमाण उंचीला साजेशा वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत नेले जाते. निरोगी प्रौढांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दर किलोमागे ०.८३ ग्रॅम एवढी शिफारस केली आहे. म्हणजे स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकल्यावर खाण्याची जागा कमी होते, पण प्रथिनांची गरज मात्र वाढते. ही गरज का वाढते, हे समजून घ्या. शरीराला रोज लागणाऱ्या उष्मांकांपेक्षा फारच कमी उष्मांक मिळत असल्यामुळे ते साठवलेली चरबी वापरते, पण आहारातून प्रथिने मिळाली नाहीत तर त्याबरोबर स्नायूही मोडून खाते. वजनकाट्यावर दोन्ही सारखीच दिसतात. तुमचे पाय भरून येतात, त्यामागे ही झीज असण्याची शक्यता मोठी आहे.

आता वरणाविषयी. आपल्या घरी भाताला पुरेल असे पातळ वरण करण्याची रीत आहे, आणि ते कितीही चविष्ट झाले तरी प्रथिने डाळीत असतात, वाढवलेल्या पाण्यात नसतात. तुरीच्या कोरड्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. अर्ध्या वाटी पातळ वरणात कोरडी डाळ जेमतेम दहा-बारा ग्रॅम असेल, म्हणजे हाती लागतात दोन-अडीच ग्रॅम. त्यातून पहिला घास भाताचा घेतला, की ती लहानशी जागा भातानेच भरते. माझा तुम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला हाच आहे, की ताटातला क्रम उलटा करा. आधी पनीर, घट्ट वरण किंवा सोया खा, त्यानंतर भाजी, आणि जागा उरली तरच दोन घास भात किंवा चतकोर पोळी. भात-पोळी राहिली तर राहू द्या. घरातल्या मोठ्यांना हे पटवणे अवघड जाते, कारण ताटात भात नसला तर जेवण झालेच नाही असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना हा हिशेब वाचून दाखवा.

दिवस असा बसवून पाहा. सकाळी चहा-बिस्किटांऐवजी साय काढलेले २०० मिलिलिटर दूध घ्या आणि त्यात २० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळा. दुधाचे साडेसहा आणि भुकटीचे सात मिळून साधारण साडेतेरा ग्रॅम होतात. ही भुकटी किराणा दुकानात मिळते आणि महागड्या डब्यांपेक्षा खूपच स्वस्त पडते. अशा घरगुती उपायांकडे आपले दुर्लक्ष का होते, हे मला नेहमी खटकते. अकराच्या सुमारास दही फडक्यात टांगून केलेला पाव वाटी चक्का मीठ आणि जिरेपूड घालून खा. त्यात साखर घालून श्रीखंड करू नका. दुपारी ४० ग्रॅम मऊ पनीर आणि २० ग्रॅम डाळीचे, चमच्याने उचलावे लागेल असे घट्ट वरण मिळून ११ ग्रॅमच्या आसपास जातील. संध्याकाळी ताकात २५ ग्रॅम सातूचे, म्हणजे फुटाण्यांचे, पीठ कालवून घेतल्यास सात ग्रॅम मिळतील. मात्र सातू म्हणून घरोघरी गहू, डाळे आणि साखर एकत्र दळलेले पीठही असते. ते नको, नुसत्या फुटाण्यांचे हवे. रात्रीसाठी २० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून त्यांचा खिमा करा. कोरड्या वड्यांत निम्म्याहून अधिक प्रथिने असल्यामुळे एवढ्याशा खिम्यातून दहा ग्रॅम मिळतात. झोपताना तुमचे कपभर दूध आहेच. हे सारे मिळून ५० ते ५५ ग्रॅमपर्यंत जाते, आणि उरलेली उणीव प्रथिनांच्या पावडरीच्या अर्ध्या स्कूपने भरून निघते. हे सगळे पहिल्या दिवसापासून जमणार नाही. दर आठवड्याला एक बदल करा आणि पोटाला सवय होऊ द्या.

केसांबद्दल इतके घाबरू नका. शस्त्रक्रियेचा ताण आणि झपाट्याने उतरलेले वजन यांमुळे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. त्यांची मुळे शाबूत असल्यामुळे आहार सुधारल्यावर ते पुन्हा येतात. तरीही लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण गळती केवळ प्रथिनांमुळेच असेल असे नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र न घेता मध्ये किमान दोन तास जाऊ द्या आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा टाळा. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात.

प्रश्न : माझ्या वडिलांची, वय ५२, दहा आठवड्यांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आता सर्व पदार्थ खायला सांगितले आहे. पण चिकनचा तुकडा खाल्ला की छातीत अडकल्यासारखे वाटते, तोंडाला फेसाळ पाणी सुटते आणि उलटी होते. त्यामुळे ते घाबरून पुन्हा पेज, मऊ भात आणि दुधात बुडवलेली बिस्किटे यांवर आले आहेत. आम्ही मासे खाणारे आहोत. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : वडिलांची भीती खरी आहे, तिला हट्ट समजू नका. बायपासमध्ये जठराचा जो कप्पा शिल्लक ठेवतात, तो सुरुवातीला साधारण ३० मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढा असतो आणि त्यातून आतड्यात उघडणारी वाट अरुंद असते. चिकनच्या छातीचे कोरडे, तंतुमय मांस नीट चावले नाही तर नेमके तिथेच अडते. पेज आणि भिजवलेली बिस्किटे सहज उतरतात, म्हणून माणूस त्यांच्याकडे वळतो, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. पण जे सहज उतरते त्यात बहुधा पिष्ट आणि साखर असते, प्रथिने नावालाच. या सवयीत आणखी काही महिने गेले, तर अशक्तपणा तर येईलच, शिवाय उतरलेले वजनही परत चढू लागेल.

तुमच्या घरी मासे खातात, हे फार चांगले आहे. चिकन तूर्त महिनाभर बाजूला ठेवा. पापलेट, सुरमई यांसारखा काटे काढलेला मासा कालवणात शिजवून, बोटांनी कुस्करून द्या. तळलेल्या तुकडीचा कडक पापुद्रा नको. शिजलेल्या माशाच्या १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, पण मासा एका वेळी ३० ते ४० ग्रॅमच द्यावा. ओले बोंबील मऊ असल्यामुळे सहज जातात, मात्र त्यांत पाण्याचा अंश पुष्कळ असल्याने तेवढ्याच वजनात प्रथिने कमी मिळतात, हे लक्षात असू द्या. कोळंबी चिवट असते, ती पुढे कधीतरी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. कडक उकडलेला बलक घशात बसत असेल तर मंद आचेवर केलेली ओलसर भुर्जी द्या. चिकन पुन्हा सुरू कराल तेव्हा मांडीचे मांस रस्सा राखून शिजवा आणि खिमा करूनच द्या.

खाण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. घास करंगळीच्या नखाएवढा असावा, तो तोंडात पूर्ण लगदा होईपर्यंत चावावा आणि एक घास खाली गेल्याखेरीज दुसरा घेऊ नये. जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागली तरी घाई करू नये. जेवताना पाणी, ताक किंवा सोलकढी घेऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट प्यावे. कोकणात सोलकढीवाचून जेवण संपत नाही, याची मला कल्पना आहे; ती संध्याकाळी स्वतंत्र घ्यावी. छातीत पहिला दाब जाणवला की तिथेच थांबावे, कारण पुढचा एक घास म्हणजे हमखास उलटी.

एक गोष्ट मात्र अगदी गांभीर्याने घ्या. एवढी काळजी घेऊनही उलट्या चालू राहिल्या, किंवा मऊ पदार्थ आणि पाणीही ठरेनासे झाले, तर आहार बदलत बसू नका, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच भेटा. जोड अरुंद झाला असेल तर त्यावर उपचार करता येतात. अनेक दिवस उलट्या होत राहिल्यास बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो आणि मग एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू लागतात. ती तातडीची स्थिती आहे. अशा वेळी जवळच्या कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी बायपास झाला आहे आणि इतके दिवस उलट्या होत आहेत, हे आधी सांगा, म्हणजे ग्लुकोजचे सलाईन लावण्यापूर्वी तिथले डॉक्टर बी-१ देण्याचा विचार करतील.

प्रश्न : माझ्या जिममधल्या मित्राने मला प्रथिनांसाठी मास गेनरचा डबा सुचवला. दुसऱ्या एकाने कोलॅजेन सुचवले. कोणता घ्यावा? माझी शस्त्रक्रिया सहा महिन्यांपूर्वी झाली असून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) किंचित वाढलेले आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही नकोत. मास गेनर वजन वाढवण्यासाठीच असतो आणि त्यात बहुतांश पिष्ट व साखर असते. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसल्यामुळे केवळ त्यावर स्नायू राखता येत नाहीत. व्हे आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेली दुधाच्या प्रथिनांची पावडर, किंवा दूध चालत नसेल तर सोयाची पावडर, हे चांगले पर्याय आहेत. बायपासनंतर अनेकांना दुधातली साखर पचेनाशी होते, त्यांना आयसोलेट सहसा सोसते. लेबलवर १०० ग्रॅममागे किती प्रथिने आणि किती साखर आहे ते वाचा आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक पाहा. परंतु तुमचे क्रिएटिनिन वाढलेले असल्यामुळे कोणताही डबा विकत घेण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून प्रथिनांची मर्यादा ठरवून घ्या. या अंकातले कोणतेही आकडे तुम्ही परस्पर स्वतःला लागू करू नयेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रश्न : माझ्या बायपासला दोन वर्षे झाली. प्रकृती चांगली आहे, पण चातुर्मासात माझे दोन्ही एकादश्या आणि श्रावणी सोमवार असे उपवास असतात. गेल्या वर्षी त्या काळात वजन चार किलो वाढले आणि थकवाही आला. खाणे कमी करूनही वजन कसे वाढले? उपवास सोडावेत असे मला वाटत नाही. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : उपवास सोडा असे मी म्हणणार नाही, ते तुमच्या श्रद्धेचे क्षेत्र आहे. मात्र उपवासाच्या ताटात काय असते ते पाहू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिने नसतात. खिचडीत प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून. शेंगदाण्यांत पाव भाग प्रथिने असली तरी जवळपास निम्मी चरबी असते, त्यामुळे मूठभर दाण्यांतून प्रथिने थोडी आणि उष्मांक पुष्कळ मिळतात. त्यावर तूप, बटाटा आणि वेफर्स आले की वजन वाढते आणि स्नायू मात्र उपाशीच राहतात. तुम्ही कमी खाल्लेत हे खरे असेल, पण जे खाल्लेत त्यात प्रथिने नव्हती.

उपवासाला दुधाचे पदार्थ चालतात, हा तुमचा मोठा आधार आहे. सकाळी भुकटी मिसळलेले दूध, दुपारी जिरे आणि सैंधव घातलेले ५० ग्रॅम पनीर, संध्याकाळी काकडी घातलेला अर्धी वाटी चक्का आणि रात्री पुन्हा दूध, एवढ्याने ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतील. खाण्याची इच्छा झालीच तर साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाचे लहानसे थालीपीठ करा. त्यात १०० ग्रॅम पिठामागे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात. राजगिऱ्याचे लाडू, शिकरण आणि साखर घातलेल्या खिरी टाळा, कारण बायपासनंतर साखर आतड्यात वेगाने उतरते आणि काही वेळातच छातीत धडधड, घाम आणि पोटात कळा सुरू होऊ शकतात. निर्जळी एकादशी मात्र करू नका. दिवसाला दीड लिटर द्रव तुमच्या पोटात जायलाच हवा, आणि तो एकदम भरून काढण्याएवढी जागा तुमच्याकडे नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही उपवासाच्या दिवशी चुकवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पारण्याला बसाल तेव्हा पुरणपोळी किंवा भात यांच्याआधी घट्ट वरणाची वाटी संपवा.