खोक्यावरचे नाव आणि आतली वस्तू

वाचकांचे प्रश्न : घरगुती उपकरणे

टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्रे आता पूर्वीसारखी टिकत नाहीत, अशी तक्रार करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत असतात. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या शंकांचे मूळही त्यातच आहे.

प्रश्न : वडिलांनी १९८७ साली घेतलेला रंगीत टीव्ही आमच्याकडे २००८ पर्यंत चालला. २०२१ च्या दसऱ्याला घेतलेला एका नामांकित कंपनीचा ४३ इंची टीव्ही मात्र चौथ्याच वर्षी बंद पडला. आवाज येतो, चित्र येत नाही. पॅनेल बदलावे लागेल असे कंपनीचा माणूस सांगतो आणि त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या आसपास जातो. टिकाऊ टीव्ही बनवणारी एकही कंपनी उरलेली नाही का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी आपल्या टीव्हीचे पाहू, कारण त्याचे पॅनेल, म्हणजे चित्र तयार करणारा पडदा, बहुधा शाबूत आहे. रात्री खोलीतले दिवे मालवून टीव्ही सुरू करा, आवाज येऊ लागला की मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, थोडा तिरका धरा आणि निरखून पाहा. त्या उजेडाच्या वर्तुळात चित्र पुसटसे हलताना दिसले, तर पडदा चित्र तयार करतो आहे, फक्त त्याच्या मागचा उजेड गेला आहे. पडद्यामागे छोट्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. पट्टीवरचे दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे गणपतीच्या आराशीतल्या जुन्या माळेसारखी गत होते: एक दिवा जळाला की सगळी ओळ विझते, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये हा बिघाड लक्षात येताच वीज पुरवणारे सर्किट उरलेल्या पट्ट्याही बंद करते. अशा वेळी पॅनेल बदलण्याची गरज नसते. मॉडेल क्रमांक सांगून या पट्ट्या पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करून किंवा ऑनलाइन मिळू शकतात आणि पॅनेलच्या तुलनेत त्या फारच स्वस्त असतात. एक पथ्य मात्र पाळावे. पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पडद्याची काच उचलून बाजूला ठेवावी लागते आणि तिच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फिती जरा ताणल्या गेल्या तरी उभ्या रेघा कायमच्या येतात. त्यामुळे हे काम घरच्या दिवाणावर करून घेऊ नये. मोठे टेबल आणि मदतनीस असलेल्या मेकॅनिकच्या दुकानातच ते व्हावे. एकच पट्टी गेली असली तरी सगळ्या बदलून घ्याव्यात, कारण बाकीच्यांचेही तेवढेच वय झालेले असते.

आता आपला मूळ प्रश्न. वडिलांचा टीव्ही एकवीस वर्षे चालला हे खरे, पण तो एकवीस वर्षे न उघडता चालला असेल असे वाटत नाही. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारे दूरदर्शनचे कार्यक्रम पाहणाऱ्या त्या पिढीला टीव्हीचा मेकॅनिक घरच्या डॉक्टरइतकाच परिचयाचा असे. ईएचटी (पिक्चर ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा भाग) गेली, कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगला, चॅनेल बदलण्याचे बटण झिजले की तो पिशवी घेऊन येई, मागचे झाकण काढी आणि तासाभरात टीव्ही पुन्हा सुरू होई. पिक्चर ट्यूब कमजोर झाली तर ती रीगन करून, म्हणजे आतली इलेक्ट्रॉन गन बदलून, घेणारेही होते. रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे १९८२ साली सुरू झाले. त्या दशकात टीव्ही म्हणजे नोकरदाराचे कित्येक महिन्यांचे पगार, त्यामुळे दुरुस्तीवर शे-दोनशे रुपये खर्च करताना कोणाला विचार करावा लागत नसे. शिवाय त्याच काळात तिसऱ्या-चौथ्या वर्षी भंगारात गेलेले संच आज कोणाच्याही आठवणीत नाहीत. चालले ते तेवढे लक्षात राहिले. ‘जुने ते सोने’ म्हणताना हा हिशेब आपण सोयीस्करपणे विसरतो.

तरीही तक्रार निव्वळ स्मरणरंजनाची नाही. जर्मनीच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने करून घेतलेल्या अभ्यासात असे दिसले, की बिघाडामुळे पाच वर्षांच्या आतच बदलाव्या लागलेल्या मोठ्या घरगुती उपकरणांचे प्रमाण २००४ साली ३.५ टक्के होते, ते २०१३ च्या सुमारास ८.३ टक्क्यांवर गेले. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्या अंगावर येणारा आहे: २०१२ साली तिथल्या लोकांनी जे सपाट टीव्ही बदलले, त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक सुस्थितीत चालू होते. कंपन्या वस्तू ठरावीक दिवशी बंद पडावी म्हणून मुद्दाम रचतात, असा पुरावा मात्र त्या अभ्यासाला मिळाला नाही. माझ्या मते त्याची गरजही नसते. ग्राहक पाच-सात वर्षांत मोठा पडदा घेणारच आहे हे एकदा गृहीत धरले, की पंधरा वर्षे चालणाऱ्या भागांवर पैसे घालणे कारखान्याच्या दृष्टीने उधळपट्टी ठरते.

ही काटकसर नेमकी कुठे होते? मुख्यतः उष्णतेच्या बाबतीत. पडदा जास्तीत जास्त उजळ दिसावा, पण दिव्यांची संख्या कमी असावी, म्हणून थोड्या दिव्यांतून जास्त करंट सोडला जातो. ते तापतात आणि संच पातळ असल्याने उष्णता बाहेर पडायला जागा नसते. वीजपुरवठ्याच्या बोर्डावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तसेच आहे. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे १०५ अंशांपर्यंत चालणारा कपॅसिटर वापरला की ८५ अंशांपर्यंत चालणारा, हा काही रुपयांचा फरक आपल्या टीव्हीची काही वर्षे ठरवतो, आणि तो कोणत्याही जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात छापलेला नसतो.

म्हणून ‘कोणती कंपनी’ या प्रश्नाला मी एका नावाचे उत्तर देणार नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालिकांत जेवढा फरक असतो, तेवढा अनेकदा दोन कंपन्यांत नसतो. पडद्याची काच बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. सॅमसंगच्या पडदे बनवणाऱ्या कंपनीने तर २०२२ साली एलसीडी पडद्यांचे उत्पादनच थांबवले. नव्या टीव्हीचे आयुष्य वाढवणे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे. दुकानात भडक दिसावा म्हणून लावलेली चित्राची मांडणी (पिक्चर मोड) घरी आल्याबरोबर बदलावी आणि बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, निम्म्याच्या आसपास आणावा; आपल्या दिवाणखान्यात तेवढा उजेड पुरतो. बंदिस्त कपाटात टीव्ही बसवू नये. वैशाख-ज्येष्ठात वळिवाचे ढग गडगडू लागले की नुसते रिमोटने बंद न करता प्लग काढावा आणि केबलची किंवा इंटरनेटची वायरही सोडवावी, कारण विजेचा झटका बऱ्याचदा त्या वाटेनेच आत येतो. जुन्या वाड्यांतून अर्थिंग नावालाच असते, ते एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

प्रश्न : लहानपणापासून ऐकलेल्या एका परदेशी नावाचा टीव्ही सध्या ऑनलाइन फारच स्वस्त मिळतो आहे. ही तीच जुनी कंपनी समजावी का?
– एक वाचक, वाकड

उत्तर : सहसा समजू नये. अनेक जुनी नावे आज भाड्याने दिली जातात किंवा विकली गेलेली आहेत. भारतात मिळणारे कोडॅक आणि थॉमसन या नावांचे टीव्ही नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी परवान्यावर बनवते. तोशिबाचा टीव्हीचा व्यवसाय २०१८ साली चीनच्या हायसेन्सकडे गेला, तर त्याआधी २०१६ साली तिचा फ्रिज-धुलाईयंत्रांचा व्यवसाय चीनच्याच मिडिया (Midea) या कंपनीकडे गेला होता. म्हणजे एकच नाव असलेल्या दोन वस्तूंच्या मागे दोन वेगळे मालक उभे आहेत. शार्प २०१६ साली तैवानच्या फॉक्सकॉनने घेतली. फिलिप्सच्या नावाने भारतात टीव्ही बनवण्याचा परवाना २०१० साली व्हिडिओकॉनला मिळाला होता आणि ती व्हिडिओकॉनच २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

यात फसवणूक आहे असे नाही, आणि परवान्यावर बनलेली वस्तू वाईटच असते असेही नाही. अडचण नंतर येते. परवाना संपला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर आधी विकलेल्या संचांचे सुटे भाग कोण देणार, हे खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून कळत नाही. ते लहान अक्षरांवरून कळते. निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. दुकानदाराने ‘साहेब, जपानी माल आहे’ असे छातीठोकपणे सांगितले, तर त्यालाच खोके फिरवून तो मजकूर वाचून दाखवायला सांगावे. ऑनलाइन घेणार असाल, तर त्या निर्मात्याचे सेवा केंद्र पुण्यात स्वतःचे आहे की एखाद्या एजन्सीमार्फत चालते, हे आधी फोन करून विचारावे.

परदेशी नाव आणि स्थानिक कारखाना यांची सांगड उलट दिशेनेही बसते. नगर रस्त्यावरच्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने आहेत. कारखाना जवळ आहे म्हणून वस्तू अधिक टिकेल असे नव्हे, परंतु भाग मिळण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : आमच्या फ्रंट लोड धुलाईयंत्राच्या मोटरला दहा वर्षांची वॉरंटी आहे. तिसऱ्या वर्षी यंत्र बंद पडले, तर ‘पीसीबी गेला, तो वॉरंटीत नाही’ असे उत्तर मिळाले. आमच्या सोसायटीला टँकरचे पाणी येते, त्याचा काही संबंध असेल का?
– एक वाचक, उंड्री

उत्तर : दहा वर्षांची हमी त्याच भागाला दिली जाते, जो सहसा दहा वर्षांत जात नाही. मोटर आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर हे असे भाग आहेत. पीसीबी म्हणजे यंत्र चालवणारा सर्किट बोर्ड, दाराचे लॉक, पाण्याचा व्हॉल्व्ह, ड्रेन पंप यांना बहुतेक ठिकाणी एक किंवा दोनच वर्षे. वॉरंटीच्या कागदावरचा मोठा आकडा न पाहता ‘संपूर्ण यंत्राला किती वर्षे’ हा लहान आकडा पाहावा, आणि वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर तीत बोर्ड आहे याची खात्री करून घ्यावी.

पाण्याचा संबंध आहे, पण तो बोर्डापेक्षा हीटर आणि ड्रमशी अधिक. खडकवासला धरणातून येणारे नळाचे पाणी तुलनेने मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, आहे. टँकर मात्र बहुधा बोअरवेल किंवा विहिरीचे क्षारयुक्त पाणी आणतात. त्याचे पांढरे पुट हीटरवर चढते, हीटर अधिक तापतो आणि जळतो. नळी जोडतो तिथली बारीक जाळी चोंदते आणि यंत्र पाणी येत नसल्याचे दाखवून थांबते. ती जाळी पकडीने ओढून नळाखाली धुतली, की पुष्कळदा मेकॅनिकला बोलवावे लागत नाही. साबण जास्त पडला तर त्याचा थर ड्रमला मागून धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तिपाईवर साचतो आणि ती हळूहळू खाऊन टाकतो. महिन्या-दोन महिन्यांतून डीस्केलिंगची, म्हणजे क्षार काढणारी, पावडर टाकून यंत्र रिकामे चालवावे.

विकत घेण्याआधी एक प्रश्न अवश्य विचारावा: बाहेरचा टब स्क्रूने जोडलेला आहे की कायमचा सांधलेला? सांधलेला असेल, तर ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेल्यावर स्वस्तातले बेअरिंग बदलता येत नाही, पूर्ण टब घ्यावा लागतो. विक्रेत्याला हे ठाऊक नसते, सेवा केंद्रातल्या मेकॅनिकला असते. ज्यांना हात घालण्याची तयारी आहे, त्यांना मी आजही दोन टबांचे सेमी ऑटोमॅटिक यंत्र सुचवीन. त्याचा टायमर, बेल्ट, कपॅसिटर, ब्रेकची वायर हे सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

प्रश्न : १९९९ चा फ्रिज उत्तम चालू आहे. मुलगा म्हणतो, विजेसाठी तरी बदल. बदलावा का? आणि नवा घेतला व चार-पाच वर्षांनी कंपनीने ‘भाग उपलब्ध नाही’ असे सांगितले, तर दाद कुठे मागायची?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : प्लगमध्ये बसणारा छोटा वीजमापक मिळतो. तो आठवडाभर लावून रोजचे युनिट काढावे. समजा रोज दोन युनिट लागली, तर वर्षाची ७३० झाली. नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो. तो २०० असेल, तर वाचणाऱ्या ५३० युनिटांचे, दर दहा रुपये धरून, ५,३०० रुपये होतात. मग मुलाचे म्हणणे ऐकावे. फ्रिज रोज एकच युनिट घेत असेल, तर दाराचे रबर बदलावे आणि चालू द्यावा.

नवा घेताना आतल्या थंड करणाऱ्या गॅसची माहिती पाहावी. आजच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर ६००ए हा ज्वलनशील गॅस असतो. तो प्रमाणाने अगदी थोडा असल्यामुळे वापरात धोका नाही. पण गळती दुरुस्त करताना सरळ गॅसबत्ती पेटवणाऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नये. उष्णता बाहेर टाकणारी मागची काळी जाळी आता बहुतेक मॉडेलांत दिसत नाही, तिची नळी बाजूच्या भिंतींत लपवलेली असते. ती तिथे गळू लागली, तर फोम न फोडता बाहेरून नवी जाळी जोडून देणारे कारागीर आहेत. ‘बॉडी बदला’ या सल्ल्याआधी त्यांना विचारावे.

भागांविषयी युरोपीय संघाने २०२१ पासून नियम केला आहे: फ्रिजचे ठरावीक भाग किमान सात वर्षे, धुलाईयंत्राचे दहा वर्षे मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे टीव्ही-फ्रिजसाठी असा वर्षांचा आकडा घालून दिलेला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यावर काही कंपन्या आपली सेवाविषयक माहिती देतात, एवढेच. म्हणून खरेदीच्या वेळीच भाग किती वर्षे मिळतील हे कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. ते उत्तर पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागले नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत बिल, वॉरंटीचा कागद आणि ‘भाग उपलब्ध नाही’ हे कंपनीचे लेखी उत्तर जोडावे. सेवा केंद्रे हे उत्तर शक्यतो तोंडीच देतात. त्यामुळे फोन ठेवल्यावर लगेच ‘आज आपण असे सांगितलेत’ असा ईमेल आपणच पाठवून ठेवावा.