जुनी लष्करी रायफल घेताना
ग्रीनकार्ड आलं, आता अमेरिकेत पहिली जुनी लष्करी रायफल घ्यायची म्हणतोस, तर लाकडाच्या चकाकीवर भाळू नकोस. बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) काढ, उजेडाकडे धरून नळीत बघ. पीळदार खाचा ठसठशीत हव्यात. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापाशी काडतुसाला मिळणारी जागा, गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) मोजून घेच.

मी बंगालात इच्छापूरला घडलेली २ए१ रायफल सुचवेन. घडण जुन्या ब्रिटिश .३०३ एनफिल्ड रायफलची, पण काडतूस ७.६२ नाटो मापाचं, सहज मिळणारं. जुन्या साठ्यातली काडतुसं स्वस्त पडू शकतात, पण काहींच्या प्राइमरमधून (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतून) नळीत क्षार उरतात. ते तेलाने विरघळत नाहीत! त्याच संध्याकाळी कढत पाणी ओत, कोरडी कर, मग तेलाचा बोळा फिरव. मी एकदा सकाळवर ढकललं. बोळा गंजाने तांबूस निघाला, जीव कळवळला.

झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेव, बऱ्याचशा पुन्हा भरता येतात.