रोझॅन की जॉन्सन्स ब्लू, आणि साताऱ्यात ते मिळेल का?

आपण विचारले आहे की ‘रोझॅन’, ‘जॉन्सन्स ब्लू’ आणि ‘बक्स्टन्स व्हरायटी’ ही तीन निळी जिरेनियम छायाचित्रांत सारखीच दिसतात, तर ती वेगळी कशी ओळखावीत आणि साताऱ्यात खरे रोझॅन कोठे मिळेल. दुसऱ्या भागाचे उत्तर लहान आहे म्हणून ते आधी देते: मिळणार नाही. सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथील ज्या रोपवाटिका मी पाहिल्या आहेत, तेथे ‘जिरेनियम’ मागितले की एक तर लाल-गुलाबी झुपक्यांचे कुंडीतले रोप पुढे येते, नाही तर तेलासाठी शेतात लावतात ते, गुलाबाच्या वासाचे आणि कातरलेल्या पानांचे. ही दोन्ही पेलार्गोनियम आहेत, म्हणजे जिरेनियमच्याच कुळातली पण वेगळ्या प्रजातीची, आणि त्यांचा वंश दक्षिण आफ्रिकेचा आहे. हिवाळ्यात वरचा भाग वाळला तरी बर्फाखाली मुळे जिवंत ठेवणारे आणि वसंतात पुन्हा फुटणारे जे जिरेनियम आपल्याला हवे आहे, ते यांपैकी एकही नाही. आणि एखाद्या संकेतस्थळावर ‘रोझॅनच्या बिया’ असे पाकीट दिसत असेल, तर ते कृपया घेऊ नका. रोझॅन हा वंध्य संकर आहे, त्याला बी धरतच नाही. जॉन्सन्स ब्लूचीही तीच गोष्ट आहे. ही दोन्ही झाडे मुळांची फोड करून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवतात, त्यामुळे पाकिटात जे काही असेल ते रोझॅन नसते एवढे पाकीट न उघडताही सांगता येते.

हे मी जरा तिखटपणे लिहीत आहे, कारण या पाकिटावरून आमच्या घरात वाद झाला आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

माझे धाकटे दीर सांगलीला विश्रामबागेत राहतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, इंग्लंडमध्ये असते आणि तिच्या परसात रोझॅन आणि जॉन्सन्स ब्लू शेजारी शेजारी लावलेली आहेत. मी तिच्याकडे उन्हाळ्यात राहून आले तेव्हा ही दोन्ही झाडे रोज डोळ्यांसमोर होती, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पाहिलेल्या झाडांवरून देऊ शकते. फुलाच्या निळेपणावरून जात ठरवण्याचा नाद सोडून द्यावा. निळा आणि जांभळा यांच्या मधले रंग कॅमेऱ्यात धड येत नाहीत, आणि तेच फूल गारव्यात अधिक निळे तर उष्ण दिवसांत अधिक जांभळे दिसते. पाहायचे असते ते फुलाचे मध्य, पानाची कातर आणि बहराचा काळ.

जॉन्सन्स ब्लू हा जिरेनियम हिमालयेन्स आणि जिरेनियम प्रॅटेन्स यांचा संकर आहे. त्याच्या फुलाच्या मध्यभागी पांढरा डोळा नसतो, असलीच तर किंचित गुलाबी छटा असते. पाने खोलवर आणि बारीक चिरलेली असतात, झाड गुच्छ करून राहते, आणि मुख्य बहर जूनमध्ये येऊन ओसरतो. पुतणीच्या बागेत जुलै सरताना त्यावर फारसे काही उरले नव्हते. रोझॅनचे फूल बशीसारखे पसरट असते, मध्यभाग स्पष्ट पांढरा, पाकळ्यांवर जांभळ्या शिरा आणि परागकोश गडद. त्याचे पान कमी खोल कापलेले असते व त्यावर फिकट हिरवी नक्षी असते. फांद्या लांब पसरत शेजारच्या झुडपांत शिरतात आणि फुले जूनपासून थेट पहिल्या कडक थंडीपर्यंत येत राहतात. बक्स्टन्स व्हरायटी ही जिरेनियम वॉलिशियानम या हिमालयीन जातीची निवड असून वेल्समधील बक्स्टन यांच्या बागेतून पुढे आलेली आहे. तिचा पांढरा डोळा रोझॅनपेक्षाही मोठा असतो, बहर उशिरा सुरू होतो, आणि पेरापाशी असलेली रुंद, एकमेकांना जोडलेली उपपर्णे (पानाच्या देठाच्या बुडाशी असणारी पानासारखी लहान अंगे) ही तिची सर्वांत भरवशाची खूण आहे. तिला बी धरते, पण बियांपासून आलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. त्यामुळे बक्स्टन्सच्या नावाने विकली जाणारी सगळी रोपे बक्स्टन्स असतातच असे नाही.

रोझॅन हे याच वॉलिशियानमचे आणि हिमालयेन्सचे अपत्य आहे. 1989 मध्ये सॉमरसेटमधील डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर या दांपत्याच्या बागेत ते आपोआप उगवलेले सापडले आणि 2000 मध्ये बाजारात आले. 2013 मध्ये लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त त्याला शतकातील सर्वोत्तम रोपाचा मान मिळाला. त्याचे वनस्पतिशास्त्रीय वाणनाव ‘जेरवॅट’ आहे, रोझॅन हे विक्रीचे नाव. ‘जॉली बी’ या नावाने विकले जाणारे रोपही आता तेच मानले जाते, त्यामुळे त्या दोघांत फरक शोधत बसण्याचे कारण नाही. ‘ॲझ्युअर रश’ मात्र रोझॅनपासूनच निघालेला, आटोपशीर वाढीचा आणि फिकट रंगाचा प्रकार आहे.

भाऊजीही त्या बागेत राहून आले होते. परत आल्यावर त्यांनी इंटरनेटवरून ‘रोझॅन’ असे लिहिलेले पाकीट मागवले, वर अर्थातच निळ्या फुलाचे चित्र होते. बिया उगवल्या, दिवाळीपर्यंत रोपे चांगली धरली, आणि संक्रांतीला ते त्यातले एक रोप कुंडीसकट आमच्याकडे साताऱ्याला घेऊन आले. पान गोल होते, त्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराचा गडद पट्टा होता, चुरगळल्यावर उग्र वास येत होता आणि खोड मांसल होते. मी तेव्हाच सांगितले की हे पेलार्गोनियम आहे. भाऊजी म्हणाले, “वहिनी, फूल येऊ द्या, मग बोला.” फूल आले ते गुलाबी. त्यावर त्यांचे स्पष्टीकरण असे की सांगलीच्या काळ्या मातीने रंग बदलला, कारण हायड्रेंजियाचे फूल आम्ल मातीत निळे आणि अल्कली मातीत गुलाबी होते हे त्यांनी कोठेतरी वाचले होते. हायड्रेंजियाच्या बाबतीत ते खरेच आहे, कारण तेथे मातीतून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमचा संबंध येतो. जिरेनियमचा रंग मात्र माती बदलून निळ्याचा गुलाबी होत नाही. शिवाय पेलार्गोनियममध्ये खरा निळा रंग अस्तित्वातच नाही. निळ्या फुलाचे चित्र आणि पट्टेदार गोल पान एकाच जाहिरातीत दिसले, तर ते चित्र संगणकावर रंगवलेले आहे असे खुशाल समजावे.

आता खरे जिरेनियम आणि पेलार्गोनियम यांना वेगळे ओळखण्याची खात्रीची रीत सांगते, कारण पुस्तकांत बहुतेक वेळा अर्धीच दिलेली असते. खऱ्या जिरेनियमच्या पाच पाकळ्या सारख्या असतात आणि पेलार्गोनियमच्या वरच्या दोन वेगळ्या असतात, असे सांगितले जाते. ते योग्यच आहे, पण पट्टेदार पानाच्या कुंडीतल्या प्रकारांत पाकळ्या इतक्या जवळपास सारख्या असतात की नवख्या माणसाला फरक दिसत नाही. म्हणून फुलाचा देठ पाहावा. पेलार्गोनियममध्ये मकरंदाची नलिका देठाला चिकटून खाली उतरते आणि जेथे संपते तेथे देठावर बारीक फुगवटा दिसतो. ब्लेडने देठ उभा चिरला की ती पोकळी स्पष्ट दिसते. खऱ्या जिरेनियमच्या देठात असे काही नसते. दुसरी खूण पुंकेसरांची: जिरेनियममध्ये दहाही पुंकेसरांना परागकोश असतात, पेलार्गोनियममध्ये जास्तीत जास्त सातांना. तिसरी खूण बियांची. दोघांच्याही फळाला चोच असते, परंतु जिरेनियमची चोच वाळली की तिचे पट्टे झटक्यात वर वळतात आणि बी लांब फेकले जाते, तर पेलार्गोनियमच्या बीला पिसासारखी शेपटी असते आणि ते वाऱ्यावर जाते. तेरड्याचे बोंड बोटांत फोडलेले ज्यांना आठवते, त्यांना जिरेनियमचे बी फेकणे लगेच कळेल. बेंथम आणि हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या वर्गीकरणात तर कासच्या पठारावरचा तेरडाही जिरेनियमच्याच कुळात होता.

मी भाऊजींसमोर जेवणाच्या टेबलावर देठ चिरून नलिका दाखवली आणि पुंकेसरही मोजून दाखवले. त्यांनी भिंग हातात घेऊन नीट पाहिले, आणि मग त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले की वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये ही दोन्ही जिरेनियममध्येच ठेवली होती, तेव्हा वहिनींचे म्हणणे आणि आमचे म्हणणे एकच. लिनियसने तसे केले होते हे मान्य. परंतु 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळे काढले, त्याला दोन शतकांहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या अवधीत भाऊजींनी ते मान्य करायला हरकत नव्हती.

यावर त्यांचा ठरलेला मुद्दा असतो, आणि आपल्या मनातही तो येऊ शकतो म्हणून देते: फूल आले, डोळ्यांना बरे वाटले, मग नावाशी काय करायचे? नावाशी करायचे असते ते पाण्याचे वेळापत्रक. रोझॅनचे आईबाप हिमालयातले. त्यांना ओलसर, गार जमीन आणि दुपारची सावली मानवते. पेलार्गोनियमला भरपूर ऊन आणि दोन पाण्यांच्या मध्ये वाळलेली माती लागते. भाऊजींनी पाकिटावरची सूचना पाळून आपली रोपे आंब्याच्या सावलीत ठेवली आणि माती सतत ओली राखली. पहिल्या पावसात त्यांची खोडे बुडापासून काळी पडून बसली. हा पिथियम बुरशीचा रोग आहे आणि पेलार्गोनियमला तो ओल्या मातीत हमखास होतो. संक्रांतीला आणलेल्या रोपाच्या छाटकलमांपासून केलेली माझी रोपे गच्चीवर, पत्र्याच्या छपराखाली, कमी पाण्यावर अजून फुलत आहेत. बियाणे तेच होते, फरक एवढाच होता की मी त्याला पेलार्गोनियम समजून वागवले. तेव्हा नाव हे पंडितांचे खूळ आहे, असे त्यांनी निदान त्या रोपांपुरते तरी म्हणू नये.

तेलाच्या जिरेनियमबद्दल एक वाक्य, कारण अलीकडे आपल्या भागात तेही याच नावाने विचारले जाते. पेलार्गोनियम ग्रॅव्हिओलेन्स म्हणून विकले जाणारे हे पीकही बहुतेक ठिकाणी संकरच असते आणि छाटकलमांनीच वाढवतात, त्यामुळे त्याच्याही ‘बियांच्या पाकिटा’वर विश्वास ठेवू नये. त्याचे वाण भारतात अल्जेरियन, रियुनियन किंवा बूर्बों आणि केळकर अशा नावांनी ओळखले जातात, आणि तेथेही आधी उभे पीक पाहून, वास घेऊन मगच रोपे उचलावीत.

आपल्याला तरीही परराज्यातून कोणी रोझॅन देतो म्हणाले, तर त्याला एकच प्रश्न विचारा: रोप बीपासून केले की मुळे फोडून? बीपासून म्हणाला तर बोलणे तेथेच थांबवा. मुळे फोडून म्हणाला तर एकाच झाडाच्या पानाचे, पेरापाशी असलेल्या उपपर्णांचे आणि उमललेल्या फुलाचे चित्र मागा. केवळ फुलाचे जवळून घेतलेले चित्र पाठवणाऱ्याकडे बहुधा झाड नसते. उपपर्ण रुंद आणि जोडलेले, डोळा मोठा पांढरा असेल तर ते बक्स्टन्सकडे झुकते. पान बारीक चिरलेले असेल तर जॉन्सन्स ब्लू किंवा ‘ब्रुकसाइड’ असण्याची शक्यता जास्त. ब्रुकसाइड हाही प्रॅटेन्सचाच संकर आहे, मात्र त्याच्या फुलाचा मध्य फिकट पांढुरका असतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: पुंकेसर मोजण्याची रीत दुहेरी पाकळ्यांच्या फुलाला लागू पडत नाही, कारण तेथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. तेथे देठच चिरावा. आणि साताऱ्यात मिळणार नाही असे म्हटले, तरी मिळाले असते तरी ते येथे सुखाने राहिले असते असे मला वाटत नाही. आपला एप्रिल-मे त्याला मानवणारा नाही. पाचगणीला, सुमारे 1300 मीटर उंचीवर, उन्हाळा त्यामानाने सुसह्य असतो. महाबळेश्वरला तर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघड्यावर मुळे कुजण्याची भीती राहते. छपराखालच्या कुंडीत, निचऱ्याची माती घालून कोणी प्रयत्न केला तर मी त्याला वेड्यात काढणार नाही, पण सातारा शहरात निळा गालिचा हवा असेल तर एव्हॉल्व्ह्युलस लावावा. तो जमिनीलगत पसरतो आणि ऊन सोसतो, फक्त त्याची फुले दुपारनंतर मिटतात. झुडूप चालत असेल तर निळा चित्रक आहेच.

परदेशातून कोणी नातेवाईक मुळाचा तुकडा पिशवीत घालून आणतो म्हणत असेल, तर तसे करू देऊ नका. रोपे आणि मुळे देशात आणण्यासाठी 2003 च्या वनस्पती विलग्नवास (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. माझी पुतणी पाठवायला तयार होती आणि मी नको म्हटले. भाऊजींच्या मते त्यामुळेच सांगलीत अजून रोझॅन नाही.