तेच पाप पुन्हा पुन्हा का?

बाप्तिस्म्याला वर्षही झालं नाही आणि त्याच त्या पापाची कबुली देऊन वैतागलो, म्हणालास. अरे, मी तर बारा वर्षं एकच कबूल करत होते: चहाडी. उपासना सुटली की दारात चपला शोधता शोधता कुणाचं तरी काढायचंच. रात्री रडून प्रार्थना, पुढच्या रविवारी परत तेच.

एकदा आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोने विचारलं, "सांगताना तुला काय मिळतं?" राग आला खरं तर. पण उत्तर लाजिरवाणं होतं. तेवढी पाच मिनिटं चारजणी माझ्याकडे बघायच्या. घरी माझं कोण ऐकत होतं?

जुन्या काळातला ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टिन, त्याचंही असंच. १६व्या वर्षी मित्रांबरोबर त्याने नासपती चोरल्या. घरी याहून चांगल्या होत्या, चोरलेल्या बहुतेक डुकरांपुढे टाकल्या. पुढे त्यानेच लिहिलं, एकटा असतो तर चोरल्या नसत्या. म्हणजे हवी होती ती सोबत.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय सावकाश वाच. विहिरीवरच्या शोमरोन प्रांतातल्या बाईशी येशू आधी पाण्याबद्दल, तहानेबद्दल बोलतो. तिला पाच नवरे झाले होते, तो विषय नंतर निघतो.

भूक कळली म्हणून पाप माफ होत नाही हं, ही पळवाट मीही काढून पाहिली. जिची बदनामी केली तिच्या घरी जाऊन मला माफी मागावीच लागली. तिने चहासुद्धा विचारला नाही.

आज झोपण्यापूर्वी "प्रभू, क्षमा कर" म्हणून लगेच उठू नकोस. त्या वेळी नेमकं काय हवं होतं, तेही त्याला सांग.