नदी खनन, वहन आणि संचयन ही कामं नेमकी कशी करते?

मुलगी शाळेतलं विचारतेय, पुस्तकात ‘वरच्या टप्प्यात नदी झिजवते, खालच्या टप्प्यात साचवते’ असं दिलंय, सोपं करून सांगा, असा तुमचा प्रश्न. पुस्तक चूक नाही. पण आमचं गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी, आणि ही तिन्ही कामं, म्हणजे कापणं, वाहून नेणं आणि साचवणं, मी नदीच्या एकाच वाकणावर (वळणावर) बघितलीत. त्यात आमची दहा गुंठे मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, गेली, तेव्हा थोडं लांबण लागेल.

महाबळेश्वरला कृष्णा १,३०० मीटरच्या वर निघते आणि वाईला पोचेपर्यंत ७०० च्या आसपास उतरलेली असते. तिथून सांगलीपर्यंत उतार उरतो जेमतेम दीडशे मीटरचा. खाली कापायला जोर राहत नाही, मग ती काठ कापते आणि वळणं घेते.

वाटणीत वाकणाची बाहेरची बाजू वडिलांच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या वाट्याला आली. थोरल्या चुलत्यांनी खालच्या वाकणाचा, आमच्याच काठाचा तुकडा घेतला. तेव्हा तो खडबडीत वाळवट होता, म्हणून लोक त्यांना हसले होते.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही पाणी उपसायची मोटर आधीच वर ओढून घेतली होती. पूर ओसरला, चक्क ऊन पडलं. अण्णांनी चौथ्या दिवशी मोटर परत बसवली. संध्याकाळी ट्रकमधून माती ओतल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघतो तर मोटर, पाइप, केबल, वर उभा असलेला ऊस, सगळं खाली.

चुलते आजही म्हणतात, “पुरानं नेली, तुझ्या बापाला राखता आली नाही.” पुरानं नेली नाही. पूर चढलेला असतो तेव्हा पाणीच काठाला बाहेरून टेकू देतं. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो, पण काठाच्या पोटातलं पाणी तिथंच असतं. माती ओली, जड, आणि पायथा आधीच पोखरलेला. मग दरड बसते. तेव्हा पूर ओसरल्यावर आठ-दहा दिवस काठाच्या टोकाला मोटर बसवू नका. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेरचाच काठ का तुटतो, हे मुलीला चहावर दाखवा. न गाळलेल्या चहात चमचा गोल फिरवून काढून घ्या. पत्ती कडेला जायला हवी, पण जमते मध्ये, तळाशी. वाकणावर तेच होतं. वरचं पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, तिथं बुडी मारतं आणि तळानं वाळू ढकलत आतल्या बाजूला येतं. गोटे तळातून गडगडतात, वाळू उड्या मारत जाते, गाळ पाण्यात तरंगत जातो आणि काही भाग विरघळूनच जातो. पाणी मंदावलं की जड ते आधी बसतं. म्हणून पुराचं पाणी काठाबाहेर पडताच वाळू काठालगत टाकतं आणि बारीक पोयटा आत नेतं. काठ उंच होत जातो, मागची शिवारं सखल राहतात. आमच्या गावात पाणी नदीकडून शिरतच नाही, पाठीमागच्या ओढ्यानं शिरतं. शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना हे कधी पटत नाही.

आता गेलेली माती कुठं गेली? अण्णांनी आयुष्यभर समोरच्या गावाशी वाकडं धरलं, ‘आमची मळी त्यांनी खाल्ली’ म्हणून. पण तुटलेली माती सहसा नदी ओलांडून समोर जात नाही. त्यातली वाळू बहुतेक त्याच काठानं खाली जाते आणि पुढच्या वाकणाच्या आतल्या बाजूला बसते. आमच्या काठाला ते पुढचं वाकण म्हणजे चुलत्यांचा तुकडा. आज त्या मळीत वांगी अशी येतात की बाजारात वेगळा भाव मिळतो. चुलते हे वाचणार नाहीत, त्यांचा मुलगा वाचतो.

अर्थात त्यांच्याकडे बसलेली सगळी माती आमची नाही, वरच्या सगळ्या गावांची आहे. आणि गाळ म्हणजे सोनं असं म्हणणाऱ्यांनी शेंड्याच्या पोंग्यात गाळ बसून कुजलेला ऊस एकदा बघावा.

दुसरं, काठावरची करंजं आणि बाभळी चुलत्यांनी वीटभट्टीला विकल्या म्हणून दरड बसली, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. मुळं वरची दहा-बारा फूट माती धरतात, आमचा काठ तीस फूट आहे आणि नदी खातेय तळाला. तेव्हा झाडं असती तर काठ वाचला असता, असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही. झाडं विचारून तोडायला हवी होती, एवढं मात्र म्हणतोच.

मोटर आता चुलत्यांच्या मळीच्या वरच्या अंगाला बसवलीय. पाइपलाइन त्यांच्या बांधावरून नेऊ देतात. वर्षाचे पैसे घेतात.